रॉचडेलचा गिरणीवाला

एखादा कारखानदार निवडणुकीला उभा राहिला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "घरचा सुखवस्तू आहे, तो कशाला खाईल?" कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "सुखवस्तू आहे म्हणूनच तो आपल्या तिजोरीपलीकडे पाहणार नाही." दोन्ही मते बोलायला सोपी आहेत, आणि दोन्ही बाजूंना उदाहरणेही सापडतात. म्हणून वाद मिटत नाही. चहा मात्र निवून जातो.

मी मराठीचा प्राध्यापक. गिरण्या, जकाती आणि पार्लमेंट हा माझ्या अभ्यासाचा प्रांत नव्हे. परंतु एकोणिसाव्या शतकातील आमच्या नेमस्त पुढाऱ्यांची भाषणे आणि निबंध शिकवताना बर्क, मिल, ग्लॅडस्टन यांच्या पंगतीत एक नाव वारंवार भेटते. ते म्हणजे जॉन ब्राइट. बर्क आणि मिल यांची ओळख पाठ्यपुस्तके करून देतात. ब्राइट मात्र तळटीपेतच राहतो. हा गृहस्थ होता तरी कोण, या कुतूहलापोटी मी त्याची भाषणे वाचू लागलो आणि त्यांत गुंतत गेलो. कापसाचे सूत काढणारा एक गिरणीवाला तब्बल सेहेचाळीस वर्षांच्या काळात पार्लमेंटात वावरतो, स्वतःच्या वर्गासाठी लढतो, पुढे त्याच वर्गाचा रोष ओढवून घेतो, आणि या सगळ्यात आपल्या मुंबईच्या कापूसबाजाराचा धागाही येऊन मिळतो, अशी ही हकीकत आहे.

धुराड्याच्या सावलीत

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेला दहाएक मैलांवर रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथे जेकब ब्राइट या उमेदवारीतून वर आलेल्या माणसाने 1809 साली सूतगिरणी सुरू केली. त्याचा मुलगा जॉन 16 नोव्हेंबर 1811 रोजी जन्मला. हे घराणे क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नाही, मंत्रघोष नाही. मंडळी प्रार्थनेला जमतात ती शांत बसण्यासाठी. शपथ घेणे त्यांना वर्ज्य, युद्ध हे पाप. लहानथोर सगळ्यांना एकेरीने संबोधावे असा त्यांचा जुना दंडक. आपल्याकडे 'अहो'चे 'अरे' झाले तर नाती तुटतात, आणि येथे राजापासून रंकापर्यंत सगळे 'तू'च! समतेचा हा धडा जॉनला व्याकरणातूनच मिळाला असे मला नेहमी वाटते.

शपथ घ्यायची नाही म्हणून क्वेकरांना पार्लमेंटाचे दार बंद होते. 1833 मध्ये जोसेफ पीझ या क्वेकर सभासदाला शपथेऐवजी साधे प्रतिज्ञावचन देऊन बसण्याची मुभा मिळाली, तेव्हा ते उघडले. जॉन त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. पंधराव्या वर्षीच शाळा सोडून तो वडिलांच्या गिरणीत रुजू झाला होता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. त्याचे शिक्षण झाले ते बायबल, इंग्रजी कवी आणि गावातल्या दारूबंदीच्या सभा यांच्या शाळेत. पुढे इंग्लंडातील श्रेष्ठ वक्त्यांत ज्याची गणना झाली, त्याच्या भाषेत लॅटिन अवतरणांची आरास नसे. शब्द रोजचे आणि वाक्य सरळ. वक्तृत्वस्पर्धेसाठी अलंकारांची पोतडी पाठ करून येणाऱ्या मुलांना मी त्याचे उदाहरण देतो. उपयोग होतोच असे नाही.

भाकरीचा कायदा

1815 साली पार्लमेंटाने धान्याचा एक कायदा केला. इंग्लंडात गव्हाचा भाव एका क्वार्टरला ऐंशी शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू देशात विकू द्यायचा नाही, अशी त्यातली मेख. क्वार्टर हे तिकडचे धान्याचे माप. पार्लमेंटात बहुतेक जमीनदार. गहू महाग राहिला तर जमिनीचा खंड चढा राहणार, हा त्यांचा सरळ हिशेब. पुढे या कायद्याचे रूप बदलले, चढती-उतरती जकात आली, तरी गरिबाची भाकरी महागच राहिली.

याविरुद्ध मँचेस्टरमध्ये 1838 साली चळवळ उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिची 'लीग' झाली. तिचा प्राण होता रिचर्ड कॉब्डेन, छापील कापडाचा कारखानदार. ब्राइट आणि कॉब्डेन यांची मैत्री आधीच जमली होती. 1839 मध्ये ब्राइटचे लग्न झाले. एक मुलगी झाली. आणि 1841 च्या सप्टेंबरात त्याची तरुण पत्नी एलिझाबेथ क्षयाने वारली. घरात तिचा देह असताना कॉब्डेन भेटीला आला. त्या भेटीची आठवण ब्राइटने पुढे स्वतःच सांगितली आहे. सांत्वनाचे चार शब्द बोलून झाल्यावर कॉब्डेन म्हणाला की, या घडीला इंग्लंडातल्या हजारो घरांत बायका, आया आणि मुले उपासमारीने मरत आहेत. दुःखाचा पहिला कढ ओसरला की माझ्याबरोबर ये, हा कायदा रद्द होईपर्यंत आपण विसावा घ्यायचा नाही. ब्राइट गेला, आणि पाच वर्षे त्या दोघांनी खरोखरच विसावा घेतला नाही.

लीगची कार्यपद्धती आजच्या प्रचारकांनाही ओळखीची वाटेल. 1840 मध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती. तिचा फायदा घेऊन लाखोंनी पत्रके घरोघर गेली. स्त्रियांनी चहापानाचे मेळावे आणि विक्रीचे बाजार भरवून निधी जमवला. 1843 मध्ये डरहॅम येथून ब्राइट एकदा हरला आणि काही महिन्यांतच तेथूनच निवडून आला. 1845 साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून दुष्काळाची छाया आली. पंतप्रधान रॉबर्ट पील याने स्वतःच्याच पक्षाचा रोष पत्करून 1846 मध्ये तो कायदा काढून टाकला, आणि त्याच सुमारास त्याचे मंत्रिमंडळही कोसळले.

येथे कॉलेजातला मुलगा हात वर करील. भाकरी स्वस्त झाली की मजुरी वाढवून द्यावी लागत नाही. परदेशी धान्य आले की परदेशात कापड खपते. मग यात गिरणीवाल्याचा त्याग कोणता? मुलाचे म्हणणे खरे आहे. चार्टिस्ट नावाने ओळखले जाणारे त्या काळचे मजूर पुढारीही हेच म्हणत. या लढ्यात गरिबाचे पोट आणि गिरणीवाल्याची वही एकाच बाजूला होती. म्हणून या विजयावरून माणसाची पारख होत नाही. ती दुसऱ्या प्रसंगांवरून करावी लागते.

दहा तासांचा प्रश्न

पहिला प्रसंग ब्राइटला उणेपणा आणणारा आहे, आणि त्याच्या चाहत्यांनी तो झाकू नये. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आणि तेरा ते अठरा वर्षांची मुले यांना दिवसाला दहा तासांपेक्षा अधिक राबवू नये, असे विधेयक 1847 मध्ये पार्लमेंटापुढे होते. ब्राइटने त्याला कडाडून विरोध केला. किती तास काम करायचे हे सज्ञान माणसाने मालकाशी बोलून ठरवावे, सरकारने मध्ये पडू नये, असा त्याचा युक्तिवाद. विरोधी बाजूच्या जमीनदारांचा कळवळा तरी कुठे शुद्ध होता? धान्याच्या कायद्याचा सूड उगवण्याची संधी त्यांतल्या काहींनी साधली. परंतु म्हणून ब्राइटचा युक्तिवाद बरोबर ठरत नाही. भल्या पहाटे भोंगा वाजला की दारात उभी राहणारी विधवा मालकाशी कोणत्या जोरावर 'बोलून ठरवणार' होती?

गंमत अशी की हे विधेयक मांडून ते मंजूर करवून घेणारा सभासद जॉन फील्डन हाही गिरणीवालाच! रॉचडेलपासून फार दूर नसलेल्या टॉडमॉर्डन गावी त्याच्या मोठ्या सूतगिरण्या होत्या. लहानपणी तो स्वतः वडिलांच्या गिरणीत राबला होता, आणि ते तास त्याच्या अंगात मुरले होते. गिरण्यांच्या पद्धतीला त्याने 1836 साली आपल्या पुस्तिकेत शाप म्हटले होते. एकाच धंद्यातले, एकाच भागातले दोन मालक. एक कायद्याच्या बाजूने आणि एक विरुद्ध. तेव्हा 'कारखानदार म्हणजे असाच' हे विधान इतिहासाच्या परीक्षेत नापास होते.

हाच वाद पुढे आपल्या दारी आला. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढून पहिली कापड गिरणी उभारली आणि दोन वर्षांनी तिची चाके फिरू लागली. 1881 चा हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. रविवारी सकाळी आपण अंथरुणात थोडे जास्त लोळतो, त्यामागे कुणाची पायपीट आहे याची आठवण ठेवायला हरकत नाही.

कापूस आणि मनाचा तोल

आता दुसरा प्रसंग. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली. उत्तरेच्या नौदलाने त्यांची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग याच दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला येत असे. तो बंद झाला. चाती थांबली, धुराडी थंडावली. 1862 अखेरीस त्या भागात जवळजवळ पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती.

इंग्लंडने दक्षिणेला मान्यता द्यावी आणि कापूस सोडवून आणावा, असे अनेक प्रतिष्ठितांना वाटे. गिरणीवाल्याच्या वहीचा कौलही तोच होता. जॉन ब्राइट मात्र उभा राहिला तो उत्तरेच्या बाजूने. माणसाला माणसाची मालमत्ता मानणाऱ्या राज्याशी आपला सौदा नको, असे त्याने बर्मिंगहॅमच्या सभेत आणि पार्लमेंटात ठणकावून सांगितले. कापसाच्या टंचाईची झळ त्याच्या स्वतःच्या गिरण्यांनाही लागत होती. विशेष म्हणजे उपाशी मजुरांतूनही त्याला साथ मिळाली. 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भरलेल्या कामगारांच्या सभेने अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि लिंकननी त्याला कृतज्ञतेचे उत्तर दिले.

लिंकन आणि ब्राइट यांची भेट कधी झाली नाही. पण लिंकनच्या कचेरीत ब्राइटची तसबीर होती. बर्मिंगहॅमचा एक तरुण दक्षिणेच्या कटात सापडून अमेरिकेत तुरुंगात पडला, तेव्हा ब्राइटच्या शब्दाखातर 1863 मध्ये लिंकनने त्याला माफी दिली. लिंकनचा खून झाला त्या रात्री त्याच्या खिशातल्या कात्रणांत ब्राइटच्या मताचे एक कात्रण निघाले.

त्याच कापसाने इकडे मुंबईला वेड लावले. अमेरिकेचा माल बंद, म्हणून लँकेशायर आपल्या कापसाकडे वळले. सुरती कापूस आखूड धाग्याचा. तिकडचे कामगार त्याला इतके वैतागले की "देवा, कापूस धाड, पण सुरती नको" अशी प्रार्थना करीत, असे सांगतात. तरीही भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या आणि नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांचे शेअर वाटेल त्या किमतीला विकले गेले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. 1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले, आणि 1 जुलै 1865 च्या वायद्याच्या दिवशी कित्येक पेढ्यांचे दिवाळे वाजले. प्रेमचंदांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 पासून त्या काळाची साक्ष देत उभा आहे. देशावरच्या शेतकऱ्याला मात्र मनोरा मिळाला नाही. तेजीच्या आधारावर काढलेले कर्ज मंदीत त्याच्या गळ्याशी आले, आणि 1875 च्या सुप्याच्या दंग्यांची एक मुळी या मंदीपर्यंत पोचते असे अनेक अभ्यासक मानतात.

हिंदुस्थानचा कैवारी?

ब्राइट हिंदुस्थानाकडे वळला तोही कापसाच्याच वाटेने. इकडच्या कापसाच्या लागवडीची चौकशी करण्यासाठी 1848 मध्ये पार्लमेंटाने नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता. मँचेस्टरला चांगला कापूस हवा होता, हा स्वार्थ उघड आहे. परंतु चौकशी करता करता त्याला दिसले की रयत सारावाढीने पिचलेली आहे, रस्ते नाहीत, पाण्याची सोय नाही. अशी रयत चांगला कापूस पिकवणार कशी? 1853 मध्ये कंपनीच्या सनदेचा प्रश्न निघाला, तेव्हा नाना शंकरशेट आदींच्या बॉम्बे असोसिएशनने मुंबईहून पार्लमेंटाकडे अर्ज पाठवला होता. त्या वादात ब्राइट कंपनीच्या कारभारावर तुटून पडला.

24 जून 1858 चे त्याचे भाषण तर मुळातूनच वाचावे असे आहे. एकट्या मँचेस्टर शहराने आपल्या पाणीपुरवठ्यावर जितका पैसा खर्च केला, तितका कंपनीने 1834 ते 1848 या चौदा वर्षांत साऱ्या हिंदुस्थानातल्या सार्वजनिक कामांवर केला नाही, हा हिशेब त्याने सभागृहापुढे ठेवला. वीस राष्ट्रे आणि वीस भाषा असलेला हा प्रदेश एका गव्हर्नर जनरलच्या हाती देणे हा मूर्खपणा आहे, असे सांगून त्याने कलकत्ता, मद्रास, मुंबई, आग्रा आणि लाहोर या ठिकाणी पाच समान दर्जाचे स्वतंत्र इलाखे करण्याची योजना मांडली. उद्या इंग्रज गेला तर हे इलाखे आपल्या पायांवर उभे राहतील, हेही तो बोलला. 1858 सालच्या सूडाने तापलेल्या हवेत 'इंग्रज गेला तर' हे शब्द उच्चारायलाही धैर्य लागत होते. पुढे 1868 मध्ये ग्लॅडस्टनने त्याला भारतमंत्री होण्याचा आग्रह केला. पण सैन्याच्या बळावर चालणारे ते खाते क्वेकराच्या मनाला मानवले नाही. त्याने व्यापारखाते स्वीकारले आणि मंत्रिमंडळात बसणारा तो पहिला क्वेकर ठरला. 1879 मध्ये बंगालचे लालमोहन घोष सनदी नोकऱ्यांचे गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या सभेचे अध्यक्षपद ब्राइटने भूषवले.

मग त्याला कैवारी म्हणावे काय? जरा थांबावे. ज्या खुल्या व्यापाराला तो धर्म मानत होता, त्याच तत्त्वाच्या नावाखाली 1882 मध्ये विलायती कापडावरची हिंदुस्थानातली जकात काढून टाकण्यात आली. लँकेशायरचा आनंद गगनात मावेना. मुंबईच्या बाळगिरण्यांना मात्र दांडग्या पैलवानापुढे उघड्या मैदानात उभे राहावे लागले. ब्राइट तेव्हा मंत्रिमंडळात होता. एकाच तत्त्वाने रॉचडेलच्या मजुराला भाकरी दिली आणि मुंबईच्या गिरणीला घाम फोडला.

पुतळा आणि कबर

या माणसाची खरी किंमत लोकांच्या रोषापुढे त्याने केलेल्या वर्तनात दिसते. 1854 मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू झाले आणि सारा देश रणवाद्यांनी धुंद झाला. ब्राइटने विरोध केला. 23 फेब्रुवारी 1855 रोजी पार्लमेंटात त्याने मृत्युदूत देशावरून फिरत असल्याचे चित्र उभे केले. त्याच्या पंखांची फडफड जणू ऐकू येते आहे, असे तो म्हणाला आणि सभागृह स्तब्ध झाले. बाहेर मात्र शिव्याशाप चालूच होते. मँचेस्टरच्या रस्त्यांत त्याचा पुतळा जाळला गेला. प्रकृती ढासळली, आणि 1857 च्या निवडणुकीत त्याच मँचेस्टरने त्याला पाडले. काही महिन्यांतच बर्मिंगहॅमने त्याला बिनविरोध निवडून दिले, आणि मरेपर्यंत तो त्या शहराचा प्रतिनिधी राहिला. कारागीर-मजुरांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्याने गावोगाव सभा गाजवल्या. 1867 च्या कायद्याने मतदारांची संख्या जवळपास दुप्पट झाली, त्यामागे ही मेहनत होती. 1882 च्या जुलैत इंग्रजी आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ब्राइटने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ग्लॅडस्टनशी मैत्री होती, पण मन साक्ष देईना.

27 मार्च 1889 रोजी तो रॉचडेलच्या आपल्या घरी वारला आणि गावातल्या क्वेकरांच्या साध्या दफनभूमीत विसावला. ज्या गावी 1844 मध्ये काही विणकरांनी आपले सहकारी दुकान उघडून आजच्या ग्राहक भांडारांचा पाया घातला, तेच हे गाव. तीन वर्षांनी, 1892 मध्ये, दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून आले. त्यांना बसायला ब्राइटची सोबत मिळाली नाही, याची मला उगीचच हळहळ वाटते.

ब्राइटच्या चरित्राचा जमाखर्च मी माझ्यापुरता मांडला आहे. धान्याचा कायदा: स्वहित आणि लोकहित एकत्र, गुण राखून ठेवले. दहा तासांचे विधेयक: साफ नापास. अमेरिकेचा कापूस आणि क्रिमियाचे युद्ध: पहिल्या वर्गात उत्तीर्ण. हिंदुस्थान: निम्मे गुण, आणि तेही आनंदाने. मतपेटीकडे जाताना उमेदवार गरीब की श्रीमंत एवढेच पाहून आपण परततो. मला वाटते, त्याच्या वहीने एक सांगितले असताना त्याने दुसरे मत कधी दिले होते काय, हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ब्राइटपाशी होते, आणि फील्डनपाशीही होते.

ज्या मँचेस्टरने त्याचा कागदी पुतळा जाळला, त्याच शहराच्या टाऊन हॉलपुढच्या चौकात 1891 मध्ये त्याचा दगडी पुतळा उभा राहिला.